कारवानी की पश्मी

बापू, कुत्र्याची दोन पिल्लं आहेत आणि आज संध्याकाळपर्यंत एक सांगायचं आहे. एक कारवानी, एक पश्मी. ह्यांचा मावसभाऊ आपल्या गावाकडून घेऊन आलाय. अशी असल पिल्लं आता मिळत नाहीत म्हणतो, आम्ही एक ठेवायचं, दुसरं तो देऊन टाकणार. तुम्ही शिकारीला दोन्ही पाळलेत म्हणून तुम्हाला विचारते. मागच्या आठवड्यात इथं शहरात, गौलीगुड्यात, आमच्या खिडकीतून एक हात आत आला. भर दुपारी. मी भाजी चिरत होते, पोरगी खिडकीखाली बसलेली. त्या हातानं फोन उचलला आणि गेला. फोन गेला तर गेला, पण तो हात पोरीच्या डोक्यावरून गेला, बापू. तेव्हापासून मी खिडकी उघडत नाही. हे बस चालवतात, दोन दोन दिवस बाहेर असतात. थांबा, कडी बघून येते.

लावलेलीच होती. हे म्हणतात कारवानी घे, तो परक्याला जवळ येऊ देत नाही. शेजारची खाला म्हणते, "कायकू वो हड्डी का ढांचा? पश्मी लेओ, कान के बालां देखो, नवाब दिसता!" हे हसले. "हौ, आणि केस विंचरायला तुम्ही या रोज." मलाही पश्मीच बरा वाटत होता. तुमचा पश्मी माझ्या बाजेखाली झोपायचा, शेपटीचे केस ओढले तरी गप. कारवानीची मला भीती. जे पळतं त्याच्यामागं तो सुटतो, ससा असो की लेकरू. लहानपणी एकदा मी पळाले, तुमचा कारवानी मागं लागला, तर तुम्ही लांबूनच ओरडलात, "पळू नको! उभी राहा!" जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. हातावर भाकरीचा तुकडा ठेवलात. "दे त्याला." नवा कुत्रा आणला की पहिली भाकर घरातल्या सगळ्यात लहानानं द्यायची, ही तुमची रीत. मी जागच्या जागी उभी आणि तो सावकाश येऊन खातोय, अजून दिसतं मला.

आज सकाळी तीच रीत करायला पोरीला घेऊन त्या मावसभावाच्या अंगणात गेलो. ज्वारीची भाकर केली होती. सवय गेली, थापताना मोडलीच. पश्मी धावत आला, पोरीच्या हातचं खाल्लं, तिच्या पायावर बसला. हे म्हणाले, "झालं, हाच." तेवढ्यात पश्मी ह्यांचा हात चाटून आला, मग फाटकात उभ्या असलेल्या भाजीवाल्याचा. त्याला कोणाचाही हात चालतो, बापू.

कारवानी लांबून बघत बसलेला. पोरगी त्याला तुकडा दाखवून हसली आणि पळत सुटली. तो सुटला मागं. माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, "पळू नको! उभी राहा!" हे चमकून माझ्याकडं बघायला लागले. पोरगी खांबासारखी थांबली. मला जाऊन उचलायचं होतं, पायच हलेनात. पिल्लू पुढं गेलं, वळलं, तिच्याभोवती लांबून फिरलं, मग मान लांब करून तळहातावरचा तुकडा अलगद उचलला. "अम्मा, तिनिंदी!" ती ओरडली. खाल्लं म्हणते. तिला तेलुगूच जास्त येतं.

नंतर भाजीवाल्यानं शीळ घालून बोलावलं, तर कारवानीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

ह्यांना अजून सांगितलं नाही, पण कारवानीच सांगणार. तो दारात आडवा झोपेल, तुम्ही झोपायचात तसा. तुम्ही गेलात, हे लिहिलेलं पाठवायला काही पत्ता नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. एवढंच की मला त्याची भीती अजून वाटते. तुमचीही वाटायची, कधी बोलले नाही. पण तुम्ही दारात असलात की मला झोप लागायची.