पट्टीवरचा आकडा

बुधवार, १३ नोव्हेंबर
घरून, तळघरातल्या बाकावर बसून

लाडक्या पोलोना,

इकडे सगळं ठीक. आईची कंबर होती तशीच आहे, म्हणजे कामाच्या वेळी दुखते आणि भांडणाच्या वेळी दुखत नाही. लाकडं छपराखाली रचून झाली. मार्टिनच्या सणाला हंस भाजला होता. तू नव्हतीस, म्हणून तुझ्या वाटची तंगडी तशीच उरली. आई म्हणाली, "पत्रात तंगडीचं नाव काढू नकोस, त्सिरिल. पोरीच्या पायाचं काय झालंय ते ठाऊक आहे ना?" बघ, काढलंच.

तुझी चिठ्ठी मिळाली. शनिवारी येतेस, रविवारी सीमेपलीकडच्या हिमनदीवर दहा महिन्यांनी पहिल्यांदा स्की घालणार. "माझी जोडी तयार ठेव बाबा, पट्टीवर नेहमीचा आकडा." वाचलं आणि लगेच खाली आलो. कडांना धार लावली, दोनदा मेण ओतून घासलं. त्याला आज तीन दिवस झाले. एवढ्या कामाला मला एक दुपार पुरते, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्याकडून गुडघ्याचे व्यायाम करून घेते त्या इर्माचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाली, पण मी काही तिचा नोकर नाही. म्हणाली, "गुडघा तयार आहे, पोरगी नाही." मांडीमागची शीर काढून गुडघ्यात ओवली, ती आता पक्की धरलीय. दोन्ही मांड्या सारख्या भरल्यात. एका पायावरच्या उड्यासुद्धा मोजून झाल्या. पण त्या लाकडी पेटीवरून खाली उडी मारायची म्हटलं की तू कडेला उभी राहतेस आणि पायरी उतरावी तशी उतरून जातेस. इर्मानं विचारलं तर म्हणालीस, "खोट गुडघ्यात नाही, माझ्यात आहे. मी घाबरले, वजन टाचांवर टाकून मागे बसले, म्हणून लिगामेंट तुटलं. पुन्हा घाबरणार आणि पुन्हा तुटणार."

हे शब्द तुझे नव्हेत. बोश्त्यानचे आहेत. प्रशिक्षक आहे तो, चारचौघांत बोलून गेला, "नवशिक्यासारखी मागे बसली." तू ते उचललंस आणि दहा महिने उराशी धरून बसलीस.

मी तिथेच उभा होतो. गप्प.

आई अजून टोमणा मारते, तुला ठाऊक आहे. "चाळीस वर्षं त्या घाटातून गाडी हाकतोयस आणि नेमका त्याच दिवशी बर्फ आडवा आला होय तुला! पोर दवाखान्यात विव्हळतेय आणि बाप चाळीस मिनिटं उशिरा!" मी म्हणतो, रस्ता गोठला होता. तीही मग विषय सोडते.

रस्ता कोरडा होता, पोलोना.

जरा मागून सांगतो, नाहीतर जमायचं नाही. पडलीस त्याच्या दोन आठवडे आधीची शर्यत आठवते? पहिल्या फेरीत तू सगळ्यांच्या पुढे होतीस. दुसऱ्या फेरीत काही कारण नसताना स्की पायातून सुटली आणि संपलं. घरी येऊन तू बटाट्याचं सूप प्यायलीस, झोपलीस. तू रडलीसही नाहीस. मीच रात्रभर तळमळलो. एकोणिसाव्या वर्षी माझीही अशीच सुटली होती, निवड व्हायला एकच वळण राहिलं असताना. दर सणाला दोन पेले पोटात गेले की मी ही गोष्ट सांगतो आणि तुम्ही दोघी माझ्याकडे न बघता ताटं उचलता. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या स्कीला धार लावतोय.

लहानपणी इथेच बाकावर बसून तू विचारलं होतंस, "ही पकड बूट धरायला असते की सोडायला?" मी म्हणालो होतो, "धरायला काय, कुणीही धरेल. वेळेवर सोडते ती पकड चांगली." शहाणा बाप!

त्या सुटलेल्या शर्यतीनंतर मी म्हणालो, पकड थोडी कसू का? तू म्हणालीस, "नको. बारावरच ठेव. स्की गेली तर शर्यत जाईल. गुडघा गेला तर?" मी म्हणालो, "बरं, बारा." पट्टीवर माझ्या हातानं बारा लिहिलं, स्कीवर चिकटवलं. आणि स्क्रू साडेचौदावर नेला, म्हणजे पकड तेवढी घट्ट, सुटायला तेवढी अवघड.

पकडीवरच्या खिडकीतला खरा आकडा तू कधी बघितलाच नाहीस. अकरा वर्षांची असल्यापासून तू पट्टी वाचतेस, मान हलवतेस आणि निघतेस.

सातव्या वळणावर तू मागे बसलीस, हे खरं. अगं, मागे कोण बसत नाही? जगज्जेत्याही बसतात. बसतात, पडतात, स्की उडून जाते, कपडे झटकून उठतात. तू पडलीस ती एकीकडे आणि डावी स्की पायाला धरून दुसरीकडे. मी जाळीपाशी होतो. धावत आलो, गुडघे टेकले. तू म्हणत होतीस, "बाबा, सुटली नाही, सुटलीच नाही," आणि मी म्हणत होतो, "गप, आता बोलू नकोस." लोकांना वाटलं, बाप धीर देतोय. मी तुझं तोंड बंद करत होतो.

तुला बर्फावरच्या घसरगाडीवरून खाली नेलं. मी स्की काखेत मारून आपल्या सामानाच्या खोपटात गेलो, आतून कडी लावली आणि स्क्रू मागे फिरवला. साडेचौदा, चौदा, तेरा, बारा. दोन्ही स्कींच्या पुढच्या-मागच्या, चारही पकडी. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, पोरी. त्याचीच मला अजून भीती वाटते. मग गाडीत बसलो. ही ती चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी बोश्त्याननं स्की तपासली. "बारा. पट्टीवरही बारा. म्हणजे सामान ठीक होतं." त्यापुढे तो जे बोलला, तेच तू आजवर घोकतेस.

डॉक्टर म्हणाले होते, अशा पडण्यात पकड सुटली असती तरी लिगामेंट वाचलंच असतं असं नाही. पकड हाड वाचवते, गुडघ्याची हमी देत नाही. ते एक वाक्य पांघरून मी दहा महिने झोपतोय. खरं असेलही. पण तू बारा म्हणाली होतीस.

सांगायला वेळ होता. गुडघा नव्वदापर्यंत वाकवताना तू उशी दातात धरायचीस तेव्हा मी तुझी टाच धरून बसायचो. तू स्वयंपाकघरात कुबड्यांवर चालायला शिकत होतीस, मी पुढे खुर्च्या सरकवत होतो. एकदा पाय माझ्या मांडीवर ठेवून म्हणालीस, "बाबा, तू नसतास तर मी काय केलं असतं?"

काय केलं असतंस? धावली असतीस.

मी तुझ्या वाटीत आणखी थोड्या ब्लूबेरी घातल्या. लाज वाटते.

आता मात्र सांगतो, कारण तू त्या पेटीच्या कडेला उभी राहून स्वतःला भित्री म्हणतेस. तुझ्या भीतीनं तुझा गुडघा गेला नाही. तुझी भीती शहाणी होती, तिनं बारा सांगितलं. मला भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. तुझ्यात खोट नाही. हे वाक्य इर्मालाही दाखव. बोश्त्यानला मी वेगळं पत्र लिहिलंय, तेही आजच टाकतो.

तुझी जोडी बाकावर आहे. धार आहे, मेण आहे. चारही स्क्रू सैल करून ठेवलेत आणि पट्टी कोरी आहे. पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर या पत्राबरोबर पाठवतोय. दुकानातल्या यंत्रावर पकड मोजून घे, खिडकीत डोळे घालून बघ आणि आकडा तुझ्या हातानं लिही. मी आता तुझ्या स्कीला हात लावणार नाही. तू लाव म्हणालीस तरी नाही.

आईला अजून काही माहीत नाही. पत्र टाकून आलो की वर जाऊन सांगणार आहे. ती काय करेल ते तू जाणतेसच. पेला फेकेल आणि मग दोन दिवस बोलणार नाही. भोगावं लागेल.

शनिवारी सव्वाअकराच्या बसला मी आपल्या थांब्यावर उभा राहीन. आईला पुढच्या, चर्चसमोरच्या थांब्यावर उभं राहायला सांगतो. मला बघायचं नसेल तर उतरू नकोस, पुढे जा, आई आहे तिथे. मी बसला हात दाखवणार नाही.

बसमध्ये डावीकडच्या बाकावर बस. चढाचा झटका कमी लागतो गुडघ्याला.

इथे मी नेहमी 'तुझा' असं लिहितो. आज तीही जागा कोरी ठेवतो.

बाबा