खत चाखणाऱ्या सुनेच्या नावे

मी, जोमा हिराजी भोईर, वय सदुसष्ट, धंदा भाजीपाला, राहणार मौजे राई, जिल्हा ठाणे, कोणाच्याही दडपणाशिवाय, शुद्धीवर राहून, माझ्या पश्चात काय कोणाचे ते स्वहस्ते लिहून ठेवतो. अक्कल शाबूत आहे. ती फारशी वापरली नाही, हे पुढे दिसेलच.

कलम १. राहते घर मुलगा बाबुराव यास. तो मिठागरावर कारकून आहे. घरात तोंडातून शब्द काढत नाही, त्यामुळे भिंतींना त्याचा त्रास नाही. कौले दरवर्षी चाळावी लागतात, हे त्याने एकदा मान वर केली तर कळेल.

कलम २. शेजारी बाळा पाटील यांना माझ्या खतखड्ड्याचा वास. वीस वर्षे त्यांनी त्याची गावभर तक्रार केली आणि त्याच खतावरचे मुळे माझ्याकडून मागून नेले. आता वास रीतसर त्यांचा. पालापाचोळा जाळून जो धूर ते माझ्या घरात पाठवतात, तो मात्र परत घ्यावा.

कलम ३. वाडी, खतखड्डा, पहार, फावडे आणि चाळण सून रंभा हिला. रंभा तीन वर्षे काशीगावला माहेरी आहे, ती माझ्यामुळे. बाबुराव दर रविवारी भाजीची पिशवी घेऊन बायकोला चोरासारखा भेटून येतो, आणि मला ते माहीत नाही असे आम्ही दोघेही धरून चालतो.

सन १९४१ साली बाळा पाटलाच्या आधी मुळा काढायचा मला हट्ट. खड्ड्यात शेण, पाला, राख आणि उत्तनहून आणलेला खारवलेल्या मासळीचा कुटा. कुट्यातले मीठ धुऊन जायला अख्खा पावसाळा लागतो. मी तो पाऊस सरता सरता, भादव्यात घातला होता. वाफ्यांवर खत पसरत होतो, तेव्हा रंभेने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवले. बाप मिठागरावर राबलेला, तिला मीठ कोण शिकवणार?

"मामंजी, खत खारट हाय अजून. बी नका टाकू."

मी म्हणालो, "खत वाफ्याला घालायचंय, कालवणाला नाही!" सगळे गडी हसले. मी बी टाकले. एक कोंब वर आला नाही. मग मी शहाण्या माणसाने करावे तेच केले. सुनेच्या हाताला गुण नाही असे गावभर सांगितले. तिसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन गेली.

तेव्हापासून प्रत्येक पेरणीआधी मी खत चाखतो. आडोसा बघून. तीन वर्षांत एक वाफा फुकट गेलेला नाही. गाव म्हणते, जोमाचा हात लागला की उगवते. मी मान डोलावतो. मला याची लाज वाटते, आणि जिवंतपणी सांगायची छाती नाही, म्हणून हा कागद.

कलम ४. बाबुरावासाठी: खत निवले की चाळावे, वाफ्यावर दोन बोटे पसरून वरच्या मातीत कालवावे, पाणी द्यावे, मग बी. आणि त्याआधी बायकोला विचारावे.

एवढे लिहून साक्षीसाठी आलेल्या व्हिन्सेंटला वाचून दाखवले. कुटा त्याच्याकडूनच येतो. तो म्हणाला, "जोमाभाय, तू जिता हाय, ती जिती हाय. काशीगावला जायला मरायला कशाला लागते?"

मी टाक पुन्हा शाईत बुडवला.

कलम ५. म्हणून सही होताच गाडी जुंपून निघतो. कलम तीन तिच्या बापाच्या अंगणात मीच वाचीन, ज्या आवाजात तिला नावे ठेवली त्याच आवाजात. त्यावर ती आली, तर गाडीत तिच्या पेटीला जागा आहे. नाही आली, तरी वाडी तिचीच.

साक्षीदार:
१. व्हिन्सेंट पेद्रू घोन्साल्विस, उत्तन
२. नथू आंबो म्हात्रे, राई

सही: जोमा हिराजी भोईर
मुक्काम राई, ता. ८ ऑक्टोबर १९४४, सकाळ