चपलांची हजेरी

बुधवार, ४ मार्च
एकवीस दिवस मौन! ज्या गळ्याने चाळीस वर्षं कारखान्यांची फाटकं हलवली, त्या गळ्यात म्हणे गाठ. पालिकेच्या दवाखान्यातले घशाचे डॉक्टर म्हणाले, "कुजबुजसुद्धा नको. मी तपासल्याशिवाय एक शब्द बोललात तर आवाज कायमचा जाईल." बाहेर आलो तर बायको कंपाउंडरला सांगत होती, "चला, आमच्या कानांना तीन आठवडे सुट्टी." दोघं हसले. येताना पाटी आणि खडू घेतला.

गुरुवार, ५ मार्च
दुष्काळात तेरावा महिना — पुतण्या आला, परदेशी बायकोला घेऊन. ती हे शहर पहिल्यांदाच बघतेय. मराठी शिकून आलीय, अगदी पुस्तकातलं. शेजारपाजारचे विचारतात, "काय, कसं वाटलं आमचं शहर?" आणि ती खरंच सांगते. "इथे लोक दार वाजवत नाहीत. आत येतात आणि मग विचारतात, आहे का कुणी घरात?" नंतर म्हणाली, "इथे कुणी नाही म्हणत नाही. बघू म्हणतात." बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या घशाशी चार सणसणीत उत्तरं आली. चारही गिळली.

रविवार, ८ मार्च
आज म्हणे, "इथे हॉर्न म्हणजे नमस्कार." पाटी आपटली. फुटली नाही.

बुधवार, ११ मार्च
अंगाची लाही लाही होतेय.
सूनबाई तिच्या काकूबरोबर दवाखान्यात गेली होती. परतली ती फोनमध्ये चाळीस फोटो घेऊन. माणसांचे नाहीत, चपलांचे. आमच्या दवाखान्यात लोक सहापासून येतात. नऊला खिडकी उघडेपर्यंत आजाऱ्याने उभं कसं राहायचं? म्हणून रांगेत चप्पल ठेवायची आणि झाडाखाली बसायचं. चप्पल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर वीट. रांग सरकते तशी कुणीतरी सगळ्यांची चप्पल पायाने पुढे ढकलतो. आजवर कुणी कुणाची मागे टाकलेली नाही. मी यावर भाषणं केलीत! आणि ही पोर म्हणते, "किती सुंदर! वस्तू उभ्या आणि माणसं बसलेली." सुंदर? चपलेचा सुतळीने बांधलेला अंगठा सुंदर?
फोटो दाखवता दाखवता तिने विचारलं, "काका, गेल्या बुधवारी तुमची चप्पल कितवी होती?"
पुतण्या छताकडे बघायला लागला. बायको म्हणाली, "त्यांची नसते गं. कंपाउंडर 'या साहेब' म्हणतो, हे जातात."
पाटीवर दोन्ही बाजूंनी लिहिलं — आमच्या गरिबीचा आल्बम करून घरी नेऊ नकोस. तिने बोट ठेवून अक्षरन् अक्षर वाचलं. "बरं," म्हणाली.
माझं काही चुकलेलं नाही.

मंगळवार, १७ मार्च
पालिकेची नोटीस. दवाखाना बंद! कारण — 'रुग्णांची उपस्थिती नगण्य.' कुणी अधिकारी आठवडाभर सकाळी आठला येऊन मोजून गेला. गाडीतूनच. रांगेत उभे: सोमवारी तीन, मंगळवारी पाच, बुधवारी दोन. शंभर चपलांसमोर गाडी थांबवून हा माणूस 'दोन' लिहितो! पंचवीस तारखेला आठ वाजता फेरमोजणी. हरकत तिथेच सांगायची.
कंपाउंडर घरी आला होता. "साहेब, तुम्ही नुसते गरजा. त्याचं पेन गळून पडेल." पाटीवर लिहिलं — घसा? तो म्हणाला, "एकवीस दिवस तेव्हा होतातच की. तास-दोन तासांनी काय बिघडतं?"
मग आठवलं. फोटो! तारीख आणि वेळेसकट. तिच्या खोलीचं दार वाजवलं — हो, वाजवलं — आणि पाटी पुढे केली.
"ते पुसले, काका. तुम्ही नको म्हणालात ना. काकू म्हणाल्या, या घरात काकांचा शब्द शेवटचा."
हातातला खडू मोडला.

रविवार, २२ मार्च
भाषण तयार. वीस पानं. पुतण्याचा सल्ला: त्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं करा. म्हणजे आजाऱ्याने आपण आजारी आहोत हे पायांवर उभं राहून सिद्ध करायचं! पाटी पुरेना, भिंतीवर लिहीत गेलो. बायको म्हणाली, "पुसायचीही तुम्हीच."
सूनबाई बोट ठेवून भिंत वाचत होती. मग म्हणाली, "माणसं बसू देत. मी चपलांची हजेरी घेऊ का?"
पाटीवर लिहिलं — बघू.

बुधवार, २५ मार्च, सकाळ
पावणेआठ. झाडाखाली बसून लिहितोय. कंपाउंडरने हाक मारली, "या साहेब." गेलो नाही. चप्पल रांगेच्या टोकाला ठेवली. जमीन गार आहे. वीस पानं खिशात आहेत. डॉक्टर दहाला येतील. मी त्याआधीच बोलणार. गेला आवाज तर गेला!

बुधवार, दुपार
अधिकारी आला. काच खाली करून म्हणाला, "रांग कुठाय?" सूनबाईने गाडीचं दारच उघडलं. "उतरा ना, दाखवते."
पहिली चप्पल तिने दोन्ही हातांनी उचलली. "ही कुणाची?"
झाडाखालून एक म्हातारी ओरडली, "माझी गं बाई! गुडघे गेलेत, तिथूनच मोज."
"ही वीट?"
"माझी. चप्पल सून घालून गेली."
अधिकारीही हसला. चाळिसाव्या चपलेपर्यंत हसत होता. पुढे नुसता लिहीत गेला. प्रत्येक चपलेमागून एक आवाज. मी बोलायची वेळ कधी येते याची वाट बघत होतो. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

बुधवार, संध्याकाळ
दुपारी लिहिलं नाही ते — शेवटची चप्पल तिने उचलली. "ही कुणाची?" कुणी बोलेना. अधिकाऱ्याने पेनला टोपण लावलं. मी उठलो. "माझी," म्हणालो. आवाज आला नाही. पुन्हा म्हणालो. नाही. मग अनवाणी पाय पुढे केला.
त्याने टोपण काढलं. लिहिलं — एकशे अठरा.