झारीची तोटी आणि खडू

ती. बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, आईला सांगा.

माझं काम काय, असं तुम्ही विचारलं होतं. दोन गोलाकार पृष्ठभाग एकमेकांना नेमके कुठे मिळतात, ती रेघ संगणकाकडून काढून घ्यायची. तुम्ही पत्र्याच्या झारीला तोटी बसवता, तसंच.

परवा संगणकाने मोठी रेघ बरोबर काढली, पण शेजारीच ते दोन्ही पृष्ठभाग एका ठिकाणी जेमतेम टेकत होते, ते त्याला दिसलंच नाही. चार दिवस आम्ही डोकं खाजवलं. शेवटी मी त्या आकारांच्या हातात धरता येणाऱ्या नमुन्याच्या एका तुकड्याला, तुम्ही तोटीला फासता तसा, खडू फासला आणि दुसऱ्यावर दाबला. टेकलं तिथे पांढरा ठिपका उमटला.

याच खडूवरून मी मैत्रिणींसमोर तुम्हाला हसले होते. तुम्ही तो खिशात ठेवलात.

साहेबांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"सहज सुचलं," म्हणाले मी. सगळ्यांनी पाठ थोपटली. तेव्हापासून घास गोड लागत नाही, बाबा.

हाताची थरथर कमी आहे ना? दुकानात अजून जाता?

तुमचा खडू चोरणारी,
धाकटी