आटे खलास

पप्पा,

त्या शुक्रवारी रेसच्या पिटमध्ये, गाडीचं चाक बदलताना, तुम्ही एक नाही, दोन शब्द ओरडला होतात. तेव्हाच्या मुख्य पंचांनी काल सकाळी फोनवर हे पक्कं केलं. ते आता निवृत्त आहेत, क्लबच्या जुन्या रेसच्या नोंदी नीट लावायला बसले आहेत, आणि तुमच्या टीमच्या मालकाच्या घरी पिटमधल्या आवाजाची टेप सापडली. त्या रेसची बातमी मी दिली होती, म्हणून त्यांनी तेवढा तुकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवला. "तुम इंडियन है, बोलो," ते त्यांच्या गल्फच्या हिंदीत म्हणाले, "आटा खलास, मतलब क्या? रोटी बंद? मेरा पडोसी बोलता है, आटा मतलब मैदा. रेस में मैदा किदर से आया?" आणि स्वतःच हसले. मीही हसलो. मग तुकडा लावला, आणि तुम्ही गेल्यानंतर अकरा वर्षांनी तुमचा आवाज ऐकला.

गाड्यांच्या या रेस मला तुम्हीच समजावल्या होत्या, ओमानमधल्या आपल्या वादी अदाईच्या घरी, स्वयंपाकघरात. वसईहून आलेल्या सुकेळीचे तुकडे तुम्ही टेबलावर ओळीने लावायचात, एक तुकडा म्हणजे एक गाडी. सगळ्या गाड्या एकाच बांधणीच्या, त्यामुळे वेगात फार फरक नाही. निकाल फिरतो तो चुकांवर. कोणी पिटमध्ये मर्यादेपेक्षा जोरात शिरला की त्याला रांगेच्या शेवटी धाडतात. कुठे गाडी भिंतीला घासली की पिवळा झेंडा, सगळे हळू, एकामागे एक, आणि पुढच्याने तासभर कमावलेलं अंतर पुसलं जातं. चाक सुटलं तर शिक्षा सगळ्यात मोठी, चाक बसवणाऱ्यालासुद्धा. शिक्षा झालेला तुकडा मागे नेण्याऐवजी तुम्ही खाऊन टाकायचात. "जिंकतो ड्रायव्हर," म्हणायचात, "पण त्याला हरवायला आम्ही चाकांवरचे चौघे पुरतो."

पिटमध्ये ओमानी, मल्याळी, फिलिपिनो आणि आपण, सगळे एका शब्दावर चालायचे. खलास, म्हणजे काम झालं. चारी चाकांवरून खलास आलं की गाडीपुढे 'थांबा'चा बोर्ड धरून उभा असलेला बोर्डवाला तो उचलायचा आणि गाडी सुटायची. आपल्याकडे मात्र खलास म्हणजे संपलं, कामातून गेलं. गॅरेजात तुम्ही तो दिवसभर दोन्ही अर्थांनी वापरायचात आणि कधी कोणाचं काही बिघडलं नाही.

अजूनही दिसतं. मी पिटच्या कठड्यामागे उभा आहे, गळ्यात इंग्रजी पेपरच्या वार्ताहराचं नवं कोरं कार्ड. तुमची गाडी पहिली आहे आणि थोड्याच फेऱ्या उरल्या आहेत. पिवळा झेंडा येतो, सगळे आत शिरतात. तुम्ही मागच्या उजव्या चाकापाशी. नट आवळायच्या गनखाली नुसताच फिरतोय, आवळत नाही. मान वर न करता तुम्ही ओरडता, "आटे खलास!" बोर्डवाल्याला त्यातलं अर्धंच कळतं. "यल्ला!" म्हणजे चल, आणि बोर्ड वर. दुसऱ्या वळणावर चाक निखळून गाडीच्या पुढे पळतं आणि भिंतीवर आदळतं. कोणाला लागलं नाही. दुसऱ्या नंबरच्या गाडीला पिटमधल्या वेगासाठी मागे पाठवलं, आणि जिने दिवसभरात धड कोणाला ओलांडलं नव्हतं ती तिसरी गाडी कप घेऊन गेली.

मग पंचांनी तुम्हाला बोलावलं. मी चार पावलांवर होतो, शेजारी माझे संपादक.

"खलास बोला?"

"बोला, साब. लेकिन आटे खलास बोला. मतलब नट का चूडी गया, गाडी रोको."

"आटे क्या होता है? अभी बनाया?"

ते आमच्याकडे वळले. बोर्डवाल्याने एकच शब्द ऐकला होता, बाकीच्यांनी काहीच नाही. त्यांनी मला विचारलं, "तुम इंडियन है. इसका भाषा में ऐसा बोलता है?"

बोलतात. नटाचे आटे गेले, आटे खलास झाले, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय. पण आठवड्यापूर्वीच संपादकांनी गाडीतून मदिनत सुलतान काबूसच्या बड्या वस्तीत, त्यांच्या घरी जेवायला नेताना वडील काय करतात म्हणून विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं, ऑटोमोबाईलमध्ये आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते वडील उभे राहिले ते मला ठाऊक होतं. मी पंचांना इंग्रजीत म्हणालो, "माझी भाषा वेगळी आहे, सर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. माझ्या बुटांकडे पाहिलंत, तुम्हीच रुवीतून घेऊन दिलेल्या, आणि म्हणालात, "नहीं साब, ये बाबू को नहीं मालूम होगा."

दोन रेसची बंदी. तिसऱ्या रेसला टीमने तुम्हाला बोलावलंच नाही, नंतरही कधी नाही. माझ्या बातमीत होतं: टायर बदलणाऱ्या मेकॅनिकने काम पूर्ण झाल्याचा चुकीचा इशारा दिला. ते वाक्य मी पुरता विचार करून लिहिलं होतं. घाईवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात नळाखाली हात धूत होतात, ग्रीस निघावं म्हणून साबणात साखर घालून, नेहमीसारखे. बराच वेळ धूत होतात. मी दारात उभा राहिलो. मला वाटलं, आता बोलाल.

"बातमी वेळेत गेली का रे?"

"गेली."

"मग बस. जेव."

पुढची सगळी वर्षं आपण त्यावर बोललो नाही. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी रेसच्या वेळी तुम्ही चर्चहून येऊन झोपायला लागलात, एवढाच काय तो फरक. गुड फ्रायडेला तो कोंबडा आरवण्याचा भाग वाचतात, शिष्य आपल्या प्रभूला तीनदा ओळखत नाही म्हणतो तो, तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसतो, आणि बायकोला वाटतं मी फार भक्तिभावाने ऐकतोय.

काल पंचांना मी अर्थ नीट लिहून पाठवला: आटे म्हणजे नटाच्या आतल्या मळसूत्री खाचा, आटे खलास म्हणजे नट बाद झाला, गाडी सोडू नका. त्यांनी उलट विचारलं, या माणसाला ओळखतोस? मी लिहिलं, आमच्या भागातला कोणीतरी असावा. पप्पा, हे कालचं आहे. आता मी कोणाचा नोकर नाही, ते संपादकही इथे नाहीत.

गुरुवारी सकाळी क्लबची समिती बसेल. तुकडा लावतील, मी अर्थ सांगेन, तुमच्यावरचा ठपका बहुतेक पुसतील. आणि हा आवाज कोणाचा, हे कोणीतरी पुन्हा विचारेलच. उत्तर दोनच शब्दांचं आहे. हे पत्र लिहिताना मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मराठीत जमलं. तिथे इंग्रजीत म्हणावं लागेल.