दुसरी डबी

नांदूरघाट,
१२ डिसेंबर १९९६

प्रिय कावेरी,

तुझे बाबा गेल्याला आज अकरा दिवस झाले. मी ठीक आहे. जेवते, झोपते. दुकान परवापासून उघडलं. आपला गडी बंकट कापड नीट फाडतो, पण गिऱ्हाइकाला आता तयार शर्ट हवा असतो. शेजारचा एसटीडीवाला रोज विचारतो, अमेरिकेला लावू का. मी नको म्हणते. जे सांगायचं आहे ते त्या काचेच्या खोलीत उभं राहून सांगता येणार नाही.

मातीच्या दिवशी मी रडले नाही. बाबांना ओसरीवर बसवलं होतं, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं, भिंतीला टेकून, कपाळाला विभूती. मी सतरंज्या पुरतील का ते बघत होते. रुक्मिणीबाई मागून म्हणाल्या, "शिकलेली बाई हाय, तिला कशाचं रडू." मला राग आला नाही. काहीच आलं नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं अजून आहे.

तुला आठवत असेल, सकाळी ते देवघराचं दार लावून पूजेला बसत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, बेलाचं पान वाहायचं. दहा मिनिटांचं काम, पण त्यांना वीस लागत. मी बाहेरून म्हणायची, दगडाला इतका वेळ लागतो का. ते बाहेर येऊन हसत. "मास्तरीणबाई, तुमचं बरोबर हाय. आता च्या टाका." वाद कधी घातला नाही. मला वाटे, घालता येत नाही म्हणून घालत नाहीत.

माझं लिंग मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी उतरवलं. बी.ए.ला तर्कशास्त्र होतं. जे पटत नाही ते अंगावर वागवणं मला खोटेपणाचं वाटलं. दुपारी त्यांच्या हातात डबी दिली आणि कारणं सांगितली, मला आठवतं, पाच. ते "बरं" म्हणाले आणि डबी सदऱ्याच्या खिशात टाकली. पुढे तिचं काय केलं, नदीत सोडली की मठात दिली, मी एकोणतीस वर्षांत विचारलं नाही.

आंघोळ घालताना मठाच्या स्वामींना त्यांच्या गळ्यात दोन डब्या सापडल्या. "बाई, ही दुसरी कुणाची हाय?" त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. झाकणावर बारीक खड्डे होते. लहानपणी मी डबी चावत असे, ते माझ्या दुधाच्या दातांचे. लिंग अंगावेगळं राहू नये असा आपला नेम. मी माझ्या अंगावरून काढलं, त्यांनी स्वतःच्या अंगावर ठेवलं. ती वरची दहा मिनिटं माझी होती.

सगळं गाव बघत होतं. मी म्हणाले, ठाऊक नाही. स्वामी म्हणाले, "मग त्यांच्यासंगंच जाऊ द्या." खड्ड्यात बसवल्यावर दोन्ही लिंगं त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली आणि माती लोटली. मी खोटं बोलले, कावेरी. ते माझं आहे एवढं म्हणायला एकही कारण लागलं नसतं.

त्या रात्री तू फोनवर रडत होतीस, विमानाचं विचारत होतीस. मी म्हणाले, येऊन काय करणार, माती झाली, आता बघण्यासारखं काही नाही, नोकरी नवी आहे. त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं, म्हणून तू फोन ठेवलास. मी परवापासून सकाळी देवघरात बसते. पूजा येत नाही. नुसता डावा हात उघडा ठेवते, वीस मिनिटं. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की फोनवर सांगितलेलं मी मागे घेते. बघण्यासारखं काही नाही, तरी ये.

तुझीच, वाट बघणारी
आई