जोवीच्या ओढणीवरचा भुंगेरा

१२ मे
दिसला! आणि दिसला तरी कुठं — जोवीच्या लग्नाच्या फोटोत! सगळे नवरीचा मुखडा बघतायत आणि मी तिच्या खांद्यावरची जाळीची ओढणी मोठी करकरून बघतेय. काळा कुळकुळीत भुंगेरा. अंगावर आभाळी निळ्या कड्या. फोटो जरा हललाय, पण कड्या स्पष्ट. असा सोंड्या, म्हणजे सोंडेचा भुंगेरा, मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

नांग फेलिसा, म्हणजे माझी थोरली बहीण, नवरीची आई, मागून आली. "रडतेस होय गं क्लेओ? मावशीच तू, रडणारच!"

रडत नव्हते. डोळे भरले होते, एवढं मात्र खरं.

१३ मे
झोपेचं खोबरं. का, ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच माझं हसू येईल.

आमच्या डोंगरांवरच्या या सोंड्या भुंगेऱ्याला उडता येत नाही. पाठीवरची पंखांची झाकणं एकमेकांना चिकटलेली असतात. समुद्रातून ज्वालामुखी वर येतो, कुणी एक सोंड्या वाहत्या ओंडक्यावरून तिथं लागतो, डोंगर चढतो, आणि मग त्याचा वंश जगापासून तुटतो. म्हणून प्रत्येक डोंगराचा सोंड्या निराळा. आणि आमचं कामिगिन बेट म्हणजे समुद्रात शेजारी शेजारी उकिडवे बसलेले ज्वालामुखीच! हा निळ्या कड्यांचा पठ्ठ्या इथलाच असेल तर जगात दुसरीकडे कुठंही नाही.

पण जपून. याआधी दोनदा मी 'नवी जात, नवी जात' म्हणून नाचले आणि दोन्ही वेळा ती कुणीतरी आधीच शोधलेली निघाली. कॉलेजात पोरं मला 'नवी बाई' म्हणतात. पुढच्या वर्षी निवृत्ती. तेव्हाही 'नवी बाई'च जाणार की काय!

प्रश्न एकच. धुक्यातल्या रानात राहणारा हा प्राणी खाली समुद्राकाठच्या चर्चमध्ये आला कसा? चालत निघाला असता तर त्याची नातवंडं पोचली असती. म्हणजे फुलांतून आला. नवरीच्या हातातल्या त्या गुलाबी घोसांतून.

१४ मे
"फुलं कुठून आणली?" एवढा साधा प्रश्न, पण प्रत्येकाचं उत्तर निराळं.

नांग म्हणाली, "बाजारातून." बाजारातली फुलवाली म्हणाली, "माझी नव्हेत बाई. माझी प्लास्टिकची असतात, चार लग्नं जातात त्यात." जोवीला फोन केला. "मावशी, हनिमूनला आलेय गं मी! चौकशी कसली करतेस?" फोन बंद.

मला ठाऊक आहे ना, ते घोस वरच्या राखीव रानाशिवाय कुठं फुलत नाहीत. तिथलं पान तोडायलाही बंदी. माझ्याकडे परवाना आहे म्हणून मी भुंगेरे तरी धरू शकते. फुलं कोण आणणार तिथून? आणि तेही तेयोंच्या नाकाखालून!

नोंग तेयो म्हणजे नांगचे यजमान. वनरक्षक. भलता कडक माणूस. एकदा आमच्या फादरांच्या हातात नेच्याचं एक रोप दिसलं तर त्यांना भर रस्त्यात अडवून म्हणाले, "देवाचं असेल फादर, पण वनखात्याचंही आहे. ठेवा खाली."

जेवताना त्यांना म्हटलं, "तुमच्या रानात चोर शिरलाय." ते सुका मासा खात होते. त्यांना काटा लागला. खूप वेळ खोकत होते.

१६ मे
नांगने बाजारात सांगितलं वाटतं. सकाळीच गावचे कपितान, म्हणजे आमचे सरपंच, हजर. निवडणूक जवळ आलीय.

"बाई, तुमच्या किड्याला नाव हवंय असं ऐकलं."

"किडा हवाय आधी."

"मिळेल हो. माझं नाव द्या. फलकावर छान दिसेल."

नांग आतून कडाडली, "तुझं? भुंगेऱ्याच्या अंगावर नक्षी आहे, तुझ्या डोक्यावर केस तरी आहेत का? माझ्या लेकीच्या ओढणीवर बसला होता तो. नाव जोवीचं!"

"ओढणी तुमची असेल, पण गाव माझं आहे!"

"मग गावाकडे माग कॉफी!" आणि त्यांच्यासमोरचा भरलेला कप उचलून आत नेला.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! तेयो मधेच उठून डुकरांना चारा घालायला गेले. डुकरांनी नुकतंच खाल्लं होतं.

१७ मे
सापडला चोर!

डुकरांच्या खोपटामागे तेयोंनी मला गाठलं. टोपी हातात. मला ते 'दाय' म्हणतात, म्हणजे धाकटी. "दाय, मीच."

"काय मीच?"

"फुलं. जोवी लहानपणापासून म्हणायची, पापा, तुमच्या रानातली ती गुलाबी फुलं माझ्या लग्नाला. मी दरवेळी नाही म्हणायचो. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं ती मागितलीच नाहीत. नुसती प्लास्टिकच्या फुलांकडे बघत बसली. मग गेलो."

"आणि कुणी अडवलं नाही?"

"गणवेशात होतो. अडवणारा मीच."

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. मान खाली घालून इतके गरीब दिसत होते की मी हसू आवरलं. म्हटलं, जागा दाखवा, बाकी मी कुठंच लिहिणार नाही.

१८ मे
पाऊस. कपितानांनी फलक छापायला टाकलाय म्हणे. नांगने त्यांच्या बायकोशी बोलणं सोडलंय.

२० मे
आत्ताच परतलो. क्रमानं लिहिते.

पहाटे निघालो. वेताचे काटे, जळवा, गुडघ्याएवढं शेवाळ. वर धुकं असं की तेयो चार पावलांवर असून नुसता आवाज — "दाय, पडलीस का?" "नाही!" "मग मी पडलो."

दुपारी ते झुडूप मिळालं. भुंगेरे पकडायला आम्ही फांदीखाली छत्री उलटी धरतो आणि फांदी बडवतो. माझी छत्री दरीत गेली होती. तेयोंनी पिशवीतून नांगची लग्नाची पिवळी झालरवाली छत्री काढली. "न विचारता आणलीय," म्हणाले, "आता आणखी एका गुन्ह्यानं काय होतंय!"

बडवलं. मुंग्या. कोळी. पुन्हा बडवलं. आणि टप्! टप्! झालरीत दोन पडले. काळे, निळ्या कड्यांचे, मेल्याचं सोंग करून उताणे. एक उचलून भिंगाखाली धरला. वाकडी सोंड, चिकटलेली पाठ, दगडासारखा टणक. खरा सोंड्या! कुठल्याही पुस्तकात नसलेला! दुसऱ्याला न बघताच शेवाळात घालून डबीत टाकला, कारण भिंगावर पाऊस की माझ्या डोळ्यांतलं पाणी, कळेना. तेयोंनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. ते आपले भिजत उभे.

उतरताना म्हटलं, "शोधनिबंधात जागेचा पत्ता 'स्थानिक माहितीवरून' असा लिहीन."

ते थांबले. "फादरांना नेचं खाली ठेवायला लावलं मी. आता माझ्यासाठी तू खोटं लिहिणार? नको, दाय. भुंगेरा तुझा खरा आहे. मग त्याची गोष्टही खरी असू दे."

२१ मे
तेयो सकाळी गणवेशाला इस्त्री करून कचेरीत गेले, साहेबांसमोर सगळं कबूल केलं आणि गणवेश तिथंच ठेवून परत आले. एक महिना घरी बसायचं. साहेब म्हणे हसत होते. तेयो नव्हते हसत.

"भुंगेरा फुलांतून आला, हे सांगावंच लागलं," एवढंच म्हणाले.

नांग म्हणाली, "एक महिना हा माणूस घरात? साहेबांना म्हणावं, तुरुंगात टाका." मग त्यांच्या पुढ्यात उकडलेली केळी ठेवून डोळे पुसत आत गेली.

२१ मे, संध्याकाळ
फोटो काढायला डबी उघडली. एक सोंड्या शांत बसला होता. दुसऱ्याने पाठ उघडली, पंख काढले आणि खिडकीतून भुर्रकन गेला!

सोंड्या उडत नाही. मग हा सोंड्या नव्हेच! पाखरांनी खाऊ नये म्हणून टणक सोंड्याचं सोंग घेऊन फिरणारा, लांब मिशांचा भलताच भुंगेरा. म्हणजे एक नाही, नव्या जाती दोन! धावत जाऊन लग्नाचा फोटो पुन्हा मोठा केला. ओढणीचे सुटलेले दोन धागे म्हणून मी ज्यांच्याकडे बघतही नव्हते, त्या मिशा आहेत.

जोवीच्या ओढणीवर हा सोंगाड्याच बसला होता. आपल्या पंखांनी आलेला. फुलांतूनच आला असं म्हणायचं काही कारण उरलं नाही, आणि तेयोंनी कबुली द्यायचंही.

तेयो ओसरीवर केळी सोलतायत. त्यांना हे सांगायचं कुणी?